मुलीला पीसीओएस सांगितलाय? पाळीइतकंच लक्ष साखरेकडे द्या

पाळी तीन-तीन महिने येत नाही, चेहऱ्यावर पुरळ, हनुवटीवर राठ केस. म्हणून मुलीला डॉक्टरांकडे नेलं आणि ‘पीसीओएस असू शकतो’ (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे संप्रेरकांचा, हार्मोन्सचा, तोल बिघडून अंडाशयाचं काम विस्कळित होणं) असं ऐकून घरी आलात, की त्या रात्री आईच्या आणि आजीच्या मनात बहुधा एकच प्रश्न घोळत असतो: हिला पुढे मूल होईल ना? शाळेत समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न मी फोंड्याच्या आयांकडून ऐकलाय, डिचोलीच्या आयांकडूनही. त्याचं उत्तर आधीच देऊन टाकते. पीसीओएस असलेल्या बहुतेक बायकांना मुलं होतात, काहींना औषधांची मदत लागते. वेळ येईल तेव्हा तो प्रश्न तिचा ती विचारेल. आज ती दहावी-बारावीत आहे. आज विचारायचं ते हे, की तिची साखर किती, रक्तदाब किती, रक्तातली चरबी किती. बऱ्याच घरांत हे कुणी विचारतच नाही. सोनोग्राफीचा रिपोर्ट जपून ठेवलेला असतो आणि साखर एकदाही तपासलेली नसते.

यामागचं कारण थोडक्यात समजून घ्या, म्हणजे पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप कळतील. आपण जेवलो की रक्तात साखर वाढते आणि ती पेशींत पोचवण्याचं काम इन्सुलिन करतं. पीसीओएस असलेल्या अनेक मुलींच्या पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करतं. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं आणि त्या संप्रेरकांना बांधून ठेवणारं यकृतातलं प्रथिनही कमी करतं. त्यातून पाळी लांबते, पुरळ येतं, राठ केस येतात. तेच इन्सुलिन दुसऱ्या बाजूने पोटाभोवती आणि यकृतात चरबी साठवतं, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी वाढवतं, हळूहळू रक्तदाबही चढवतं. वयात येताना तर प्रत्येकच मुलीत इन्सुलिनचा प्रभाव काही काळ कमी होतो, त्यात पीसीओएसची भर पडते. स्वादुपिंड जोर लावून काम करत असतं तोवर साखर नॉर्मल दिसते, म्हणून वरवर काही कळत नाही. वजन जास्त असेल तर हा धोका वाढतो. पण सडपातळ मुलगी आहे म्हणून तिला धोकाच नाही, असं मात्र समजू नका.

आपल्या गोव्यात याकडे जास्तच लक्ष द्यायला हवं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात निघालं: प्रौढांमध्ये २६.४ टक्के, तर देशाचं प्रमाण ११.४ टक्के. म्हणजे चार मोठ्या माणसांत एकाहून जास्त. ज्या मुलीच्या आजोबांच्या मधुमेहाच्या गोळ्या फ्रिजवर असतात आणि आईच्या गोळ्या कपाटात, तिला पीसीओएस असणं म्हणजे दोन बाजूंनी आलेला धोका. तो टाळता येतो किंवा बराच लांबवता येतो, म्हणूनच हे एवढं सविस्तर लिहितेय.

पहिली पायरी: निदान खरंच पक्कं आहे का ते बघा

पाळी सुरू झाल्यावर पहिल्या वर्षी ती कशीही येते. एक महिना येते, दोन महिने गायब. ते नैसर्गिक आहे. त्यानंतरचे नियम ठरलेले आहेत. पहिली पाळी येऊन एक ते तीन वर्षं झाली असतील, तर दोन पाळ्यांमधलं अंतर २१ दिवसांहून कमी किंवा ४५ दिवसांहून जास्त असणं अनियमित धरतात. तीन वर्षं उलटली की ही वरची मर्यादा ३५ दिवसांवर येते. वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या आल्या तरी ते अनियमितच. पहिलं वर्ष संपल्यावर एकदा जरी ९० दिवसांपेक्षा जास्त खंड पडला, तरी डॉक्टरांना दाखवायचं. आणि वय १५ झालं तरी पाळी आलीच नसेल, तर तेही दाखवायचं.

मोजायचं कसं, तर एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. स्वयंपाकघरात टांगलेल्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करायचा, किंवा मुलीला लाज वाटत असेल तर तिच्या मोबाईलमध्ये. सहा महिन्यांच्या तारखा हातात असल्या, की डॉक्टरांचं अर्धं काम होतं. ‘मध्येमध्ये चुकते’ एवढ्यावरून कुणालाच काही ठरवता येत नाही.

किशोरवयात पीसीओएस म्हणायला दोन गोष्टी लागतात, आणि त्या दोन्ही हव्यात: वर सांगितल्यासारखी अनियमित पाळी, आणि पुरुषी संप्रेरकांची खूण. ही खूण म्हणजे हनुवटी, ओठांवर, छातीवर, पोटावर राठ काळे केस, हट्टी आणि जास्त प्रमाणातलं पुरळ, किंवा रक्तात वाढलेलं टेस्टोस्टेरॉन. दोन्हींपैकी एकच असेल तर डॉक्टर ‘धोका आहे, लक्ष ठेवू’ म्हणतात आणि ते बरोबर आहे. थायरॉइड, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक आणि मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीचे काही दोषही अशीच लक्षणं दाखवतात, म्हणून त्यांच्या रक्ततपासण्या करून ती कारणं आधी बाजूला काढावी लागतात.

इथे सोनोग्राफीबद्दल स्पष्ट सांगते, कारण सगळ्यात जास्त घाबरवणूक तिथेच होते. वयात येणाऱ्या निरोगी मुलींच्या अंडाशयातही पुष्कळ बारीक पुटिका (द्रवाने भरलेल्या पिशव्या) दिसतात. त्यामुळे पहिल्या पाळीपासून आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून पीसीओएसचं निदान करू नये, असं २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. अंडाशयातल्या अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणारी एएमएच ही महागडी रक्ततपासणीही किशोरींच्या निदानासाठी नको, असं त्याच सूचनांत आहे. पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातात केवळ ‘गाठी आहेत’ एवढाच कागद असेल, तर ते निदान नव्हे. दुसऱ्या कारणासाठी डॉक्टरांना सोनोग्राफी करावीशी वाटली, तर गोष्ट वेगळी.

दुसरी पायरी: घरच्या घरी बघता येतील अशा खुणा

मान बघा. मागच्या बाजूला, काखेत, कधी जांघेत कातडी काळपट, जाड आणि हाताला मखमलीसारखी लागते. आया ती मळ समजून बेसन-हळदीने, लिंबाच्या फोडीने, कधी तर नारळाच्या काथ्याने घासतात. एक मुलगी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या मानेवर घासून घासून ओरखडे उठले होते, आणि उन्हाळ्याच्या भर उकाड्यातसुद्धा ती केस मोकळे सोडून मान झाकायची. तो मळ नव्हता. रक्तात इन्सुलिन जास्त असल्याची ती खूण असते. घासून जात नाही, इन्सुलिन आटोक्यात आलं की हळूहळू फिकी होते. ही खूण दिसली तर साखर तपासायला उशीर करू नका.

कंबर मोजा. शिवणकामाची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, टेप न आवळता माप घ्यायचं. कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी. १५६ सेंटिमीटर उंचीच्या मुलीची कंबर ७८ च्या आत. वजनाच्या आकड्यापेक्षा हे माप मला जास्त उपयोगाचं वाटतं, कारण पोटातली चरबी यातून कळते. तीन महिन्यांतून एकदा पुरे. दर आठवड्याला मापं घेऊन मुलीला हैराण करू नका, आणि पाहुण्यांसमोर तर कधीच नको.

झोपेत ती मोठ्याने घोरते का, सकाळी उठल्यावर डोकं दुखतं का, वर्गात डोळे मिटतात का, हेही टिपून ठेवा. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास पीसीओएसमध्ये जास्त आढळतो आणि तो डॉक्टरांना मुद्दाम सांगितल्याशिवाय निघत नाही. जवळच्या नात्यात मधुमेह, लहान वयात हृदयविकार, पीसीओएस कुणाला आहे, हे आई आणि वडील दोघांच्याही बाजूचं लिहा. वडिलांच्या बाजूचं बहुतेक वेळा राहूनच जातं.

तिसरी पायरी: कुठे जायचं, कुणाला भेटायचं

सुरुवात जवळच्या आरोग्य केंद्रापासून करा. साखळी, वाळपई, पेडणे, काणकोण, कुडचडे, जे जवळ असेल ते. वजन, उंची, रक्तदाब आणि पहिल्या रक्ततपासण्यांची चिठ्ठी यासाठी थेट मोठ्या इस्पितळात रांग लावायची गरज नाही. तिथून गरजेप्रमाणे म्हापशाचं जिल्हा इस्पितळ, ज्याला जुनी माणसं अजून आझिलोच म्हणतात, किंवा मडगावचं, म्हणजे पूर्वीचं होस्पिसियो, किंवा बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज). पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ हवेतच. पण साखर, चरबी किंवा वजनाचा प्रश्न निघाला तर फिजिशियन किंवा संप्रेरकतज्ज्ञांचं मत घ्या. पहिल्या भेटीतच हे वाक्य बोला: ‘डॉक्टर, हिची साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासायचं का?’

डॉक्टर काही वेळ मुलीशी एकटीने बोलायला मागतील. बाहेर बसा. पाळी चुकली असेल तर गरोदरपणाची चाचणी सांगतील. ती सगळ्यांनाच सांगतात, तो तुमच्या मुलीवर संशय नाही. या दोन गोष्टींवरून रागावून निघून आलेली घरं मला माहीत आहेत, आणि त्यात नुकसान मुलीचंच झालं.

चौथी पायरी: तपासण्या

साखरेची सर्वांत भरवशाची तपासणी म्हणजे ग्लुकोज पाजून केलेली दोन तासांची तपासणी. पीसीओएसचं निदान झालं की वजन कितीही असो, ही करावी असं मार्गदर्शक सूचना सांगतात. नुसती उपाशीपोटीची साखर बऱ्याचदा नॉर्मल येते आणि दोष जेवणानंतरच्या साखरेत लपलेला असतो.

ही तपासणी कशी होते ते मुलीला आधी नीट सांगा, म्हणजे ती घाबरणार नाही. आधीचे तीन दिवस भात-भाकरी नेहमीसारखी खायची. तपासणी चांगली यावी म्हणून उपास करायचा नाही, त्याने निकाल चुकतो. आदल्या रात्री जेवल्यावर आठ ते दहा तास पाण्याशिवाय काही नाही. सकाळी लॅबमध्ये पहिलं रक्त घेतात. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज ग्लासभर पाण्यात ढवळून देतात, ते पाचेक मिनिटांत संपवायचं. वजन ४३ किलोपेक्षा कमी असेल तर ग्लुकोज वजनाच्या हिशेबाने कमी घेतात. चव अति गोड, घशाशी येणारी. बऱ्याच मुलींना अर्ध्या ग्लासानंतर मळमळतं. हळूहळू घोट घेतले, थंड पाण्यात मिसळून मागितलं तर सोपं जातं. उलटी झाली तर लपवू नका, दुसऱ्या दिवशी परत करावी लागते. मग दोन तास तिथेच बसून राहायचं. बाजारात चक्कर नाही, स्कूटरवरून घरी जाऊन येणं नाही, खाणं नाही. अभ्यासाचं पुस्तक न्या. दोन तासांनी दुसरं रक्त. डब्यात काहीतरी खायला न्या. रक्त दिल्याबरोबर भूक लागते. परीक्षेच्या आठवड्यात हे ठेवू नका.

ही शक्य नसेल तर उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) करतात. मात्र एक सांभाळा: शरीरात लोह कमी असेल तर एचबीए१सी खोटा वाढलेला दिसू शकतो. आपल्याकडे मुलींमध्ये रक्त कमी असणं फार आढळतं, तेव्हा हिमोग्लोबिन सोबत करून घ्या.

त्याशिवाय लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातली चरबी. यकृताची एएलटी तपासणी, वजन किंवा कंबर जास्त असेल तर मुद्दाम. रक्तदाब प्रत्येक वर्षी. इन्सुलिनची पातळी मोजणारी तपासणी लॅबच्या पॅकेजमध्ये हमखास असते. नेहमीच्या उपचारासाठी तिची गरज नाही. ते पैसे वाचवा आणि दोन तासांच्या तपासणीवर खर्च करा.

पाचवी पायरी: रिपोर्ट वाचणं

उपाशीपोटीची साखर १०० च्या आत चांगली. १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेहाच्या हद्दीत. ग्लुकोजनंतर दोन तासांनी १४० च्या आत चांगली, १४० ते १९९ उंबरठा, २०० पासून मधुमेह. एचबीए१सी ५.७ च्या आत चांगला, ६.५ पासून मधुमेह. लक्षणं नसताना एकाच आकड्यावरून मधुमेहाचा शिक्का मारत नाहीत, तपासणी परत करतात.

चरबीच्या रिपोर्टवर लॅब बहुतेक वेळा मोठ्या माणसांच्या मर्यादा छापते. तिथे ट्रायग्लिसराइड १५० पर्यंत ठीक लिहिलेलं असतं. किशोरवयात ९० च्या आत असावं आणि १३० पासून ते जास्त धरतात. म्हणजे १४० आलेल्या मुलीच्या रिपोर्टवर लाल खूण नसते, घरचे निश्चिंत होतात. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ११० च्या आत हवं. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ४५ च्या वर. ४० च्या खाली गेलं तर कमी. एएलटीचंही तसंच आहे: लॅब ४० च्या आसपासची मर्यादा छापते, मुलींसाठी ती २२ च्या जवळ धरतात. रक्तदाब तेराव्या वर्षापासून १२०/८० च्या आत असावा. १३०/८० किंवा जास्त वेगवेगळ्या दिवशी तीनदा आला तर तो उच्च रक्तदाब. जिना चढून आल्याआल्या मोजू नका. पाच मिनिटं शांत बसवून, दंडाला बरोबर बसेल असा पट्टा लावून मोजायचा.

सहावी पायरी: ताट

घरोघरी पहिला सल्ला मिळतो तो ‘भात बंद कर’. गोव्यात भात बंद करणं जमत नाही, चार दिवसांत मोडतं, आणि मग मुलीला वाटतं की आपणच कमी पडलो. त्याची गरजही नाही. पीसीओएससाठी एखादाच खास आहार बाकीच्यांपेक्षा सरस ठरलेला नाही. जो तिला वर्षानुवर्षं सहज जमेल, तोच चांगला.

गोव्यात बहुतेक शाळा दुपारी सुटतात. मुलगी उन्हातून भुकेजून येते, ताटात भाताचा डोंगर, वर हुमण (माशाची आमटी), बाजूला एक तळलेला तुकडा, चमचाभर भाजी. लगेच पंख्याखाली आडवी, मग ट्यूशन. एवढी एक वेळ सुधारली तरी मोठं काम होतं. भात निम्मा करा. उरलेल्या जागी भाजी भरा: तांबडी भाजी, भेंडी, दुधी, वाल, जे घरात असेल ते. बांगडा, तारले हे स्वस्त मासे इथे फार उपयोगी आहेत, त्यांत प्रथिनं आणि चांगली चरबी भरपूर. रवा लावून खोल तेलात तळण्याऐवजी तव्यावर थोड्या तेलात भाजा किंवा हुमणात घाला. शिवराक (शाकाहारी) दिवशी आणि श्रावणात प्रथिनं एकदम गळतात, नुसता भात आणि बटाटा उरतो. तेव्हा अळसांदे, चवळी, मूग, चणे, कुळथाची पिठी ठरवून करा. खोबऱ्याला घाबरू नका, पण रोजच्या वाटणाचं प्रमाण बेताचं ठेवा. आधी भाजी आणि मासा किंवा उसळ, नंतर भात, अशा क्रमाने खाल्लं तर जेवणानंतरची साखर कमी उसळते. हे करायला काही खर्च नाही.

सकाळी उकड्या तांदळाची किंवा नाचणीची पेज घेत असाल तर तिच्याबरोबर अंडं किंवा उसळ द्या, नुसत्या पेजेने दहा वाजता परत भूक लागते. पोदेराकडून (पाववाल्याकडून) घ्यायचंच तर मैद्याच्या पावापेक्षा कोंड्याची पोई बरी. एक पोई, वर पातळभाजी. सुट्टीत शाळेबाहेर मिरची-भजी आणि पाव रोजचा झाला असेल, तर घरून डबा द्या. आठवड्यातून एकदा मैत्रिणींबरोबर खाल्लं तर बिघडत नाही.

सर्वांत आधी काढायचं ते प्यायचं गोड. थंड पेयाच्या ३०० मिलीच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे, आणि ती पोटही भरत नाही. पाकिटातले रस, गोड कॉफी, बाटलीतलं कोकम सरबतही यातच आलं. साधी सोलकढी, बिनसाखरेचं ताक, शहाळ्याचं पाणी एखादवेळ, आणि पाणी. चतुर्थीच्या नेवऱ्या, पातोळ्या, नाताळात शेजाऱ्यांकडून आलेला बेबिंका तिच्या हातातून काढून घेऊ नका. सणाचं सणाला खाऊ द्या. घरातल्या बाकी सगळ्यांनी खायचं आणि तिने बघत बसायचं, यातून मुली चोरून खायला लागतात, आणि तिथून खाण्याचे विकार सुरू होतात. बदल करायचा तो अख्ख्या घराच्या ताटात. आजोबांच्या साखरेलाही तोच हवा आहे.

सातवी पायरी: हालचाल आणि झोप

या वयात रोज तासभर घाम येईल अशी हालचाल हवी, आणि आठवड्यातून तीन दिवस स्नायूंना ताण देणारं काही: दोरीउड्या, बैठका, जिने, वजन उचलणं. स्नायू काम करतात तेव्हा ते इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतात. त्यामुळे वजनकाटा हलला नाही तरी फायदा चालूच असतो. हे मुलींना मी मुद्दाम सांगते, कारण महिनाभर चालून वजन तेवढंच राहिलं की त्या सोडून देतात.

अडचण अशी, की अकरावीला गेल्यावर मुलीच्या हातात स्कूटर येते आणि चालणं संपतं. दहावीत पी.टी.चा तास गणिताला जातो. तासभर एकदम मिळत नसेल तर तुकडे करा. ट्यूशनला जवळ असेल तर चालत. फुटबॉल आवडत असेल तर गावच्या मैदानावर पाठवा. ‘मुलीची जात’ म्हणून अडवू नका. पावसाचे चार महिने बाहेर पडता येत नाही, तेव्हा घरात दोरीउड्या किंवा गाणी लावून नाच. चतुर्थीला फुगडी घालणाऱ्या मुलींचा दम बघा, तो पक्का व्यायाम आहे. सणापुरती ठेवण्याऐवजी वाड्यावरच्या मुलींनी आठवड्याला दोनदा जमून घातली तर त्यासारखं काही नाही.

झोप आठ ते दहा तास. रात्री एकपर्यंत मोबाईल आणि सकाळी सहाला शाळा, यात इन्सुलिनचा प्रभाव आणखी कमी होतो आणि गोडाची ओढ वाढते. मोबाईल रात्री हॉलमध्ये चार्जिंगला, आई-वडिलांचाही.

आठवी पायरी: औषधं आली तर

पाळी नियमित करायला डॉक्टर संप्रेरकांच्या गोळ्या देतात. त्या पाकिटावर गर्भनिरोधक लिहिलेलं बघून घरात गहजब होतो. या वयात त्या पाळी, पुरळ आणि केसांसाठी दिल्या जातात, आणि त्यांनी पुढे मूल होण्याची क्षमता जात नाही. पाळी महिनोन्‌महिने न आल्याने गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, ते रोखणंही गरजेचं असतं. मात्र सुरू करण्याआधी रक्तदाब मोजलेला हवा, आणि डोळ्यांपुढे चमकून येणारी अर्धशिशी किंवा घरात रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असेल तर तो आवर्जून सांगायचा. ट्रायग्लिसराइड वाढलेलं असेल तर तेही.

मेटफॉर्मिन ही गोळी साखर-इन्सुलिनच्या बाजूसाठी असते. ‘मधुमेह नाही तर मधुमेहाची गोळी कशाला’ असं विचारतात. ती पेशींची इन्सुलिनला मिळणारी दाद सुधारायला मदत करते. सुरुवातीला पोट बिघडतं, मळमळतं. म्हणून कमी डोसने सुरू करून जेवणाबरोबर घेतात, आणि दोनेक आठवड्यांत बहुतेकींना सवय होते. ती बारीक होण्याची गोळी नव्हे, म्हणून शेजारच्या मुलीला सुचवू नका. बरीच वर्षं घेतली तर बी१२ तपासत राहायचं. ‘पीसीओएस मुळापासून बरा’ अशी जाहिरात असलेल्या पावडरी आणि काढे, ज्यांच्या डब्यावर आत काय आहे तेही धड लिहिलेलं नसतं, ते या वयात देऊ नका.

मन

याला मी पायरीचा आकडा दिला नाही, कारण हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या सोबत चालतं. पीसीओएस असलेल्या मुलींमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त आढळतात, आणि डॉक्टरांनी ते विचारावं हेही सूचनांमध्ये आहे. वर्गात ओठांवरच्या केसांवरून चिडवतात, लग्नाच्या हॉलमध्ये एखादी मावशी ‘किती फुगलीस गो’ म्हणते. ती मावशी बोलल्याबरोबर तिथल्या तिथे आईने थांबवायला हवं, घरी येऊन समजूत काढण्याने ते भरून निघत नाही. केस काढायचे असतील तर काढू द्या. दोऱ्याने, वॅक्सने, लेझरने, जे परवडेल ते. त्यात ‘नखरे’ काही नाहीत. मुलगी जेवण टाळते, खाल्ल्यावर बाथरूममध्ये बराच वेळ असते, मैत्रिणी सोडते, रडते, तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी फोन क्रमांक आहे, तो फुकट आणि चोवीस तास चालतो. मुलीच्या मोबाईलमध्ये घालून ठेवा.

पुढच्या तारखा

साखरेची तपासणी धोक्याप्रमाणे एक ते तीन वर्षांनी परत करायची. कुणाची, कधी, ते डॉक्टर ठरवतील. उंबरठ्यावरची साखर, घरात मधुमेह, काळी मान किंवा झपाट्याने वाढणारं वजन असेल तर दर वर्षी धरून चाला. रक्तदाब वर्षातून एकदा. चरबी आधी बिघडलेली असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा. वाढदिवसाच्या महिन्यात सगळं एकदम केलं की विसरत नाही. मध्येच खूप तहान लागणं, रात्री सारखं लघवीला उठणं, खाऊनही वजन घटणं असं झालं तर वर्षाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी साखर तपासायची. उलट्या, पोटदुखी आणि जोराचा श्वास सुरू झाला तर थेट इस्पितळ.

एक फाइल करा. पाळीच्या तारखा, कंबर, रक्तदाब, रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं तारखेच्या क्रमाने. सुरुवातीला ती आईने सांभाळावी, सोळाव्या-सतराव्या वर्षापासून मुलीने. बारावीनंतर ती पुण्याला किंवा बेळगावला शिकायला गेली, तर फाइल तिच्या बॅगेत जायला हवी, आणि नव्या डॉक्टरांनी विचारलं तर आपली दोन तासांनंतरची साखर किती होती ते तिला फाइल न उघडता सांगता यायला हवं.